पोर्ट केलेली चेनसॉ: कारागीर पारखायचा कसा?

अमेरिकेच्या वायव्य भागात, वॉशिंग्टन आणि ओरेगॉनच्या डग्लस फरच्या जंगलांत, लाकूडतोडीवर पोट असलेल्या अनेकांना कारखान्यातून आलेली कोरी चेनसॉ पुरेशी वाटत नाही. हजार-दीड हजार डॉलर मोजून घेतलेलं यंत्र ते एखाद्या कारागिराकडे पाठवतात आणि त्याला आणखी तीनशे-चारशे डॉलर देतात. तो इंजिन उघडतो, सिलेंडर आतून कोरतो, सायलेन्सर मोकळा करतो आणि यंत्र परत धाडतो. अशा करवतीला तिकडे ‘पोर्टेड सॉ’ म्हणतात आणि ती बनवणाऱ्याला ‘सॉ-बिल्डर’. हे काम करणारे बहुतेक जण घरामागच्या गॅरेजात एकट्याने खपणारे असतात. त्यांना ना कुठली पदवी लागते, ना परवाना, ना कुणाची तपासणी.

गिऱ्हाइकाची अडचण इथेच सुरू होते. केलेलं सगळं काम सिलेंडरच्या आत असतं. बाहेरून दिसतो तो फक्त सायलेन्सरचा रुंदावलेला जबडा आणि कव्हरवरचा स्टिकर. आवाज वाढला, यंत्र जोरात गुरगुरलं, की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण आवाज म्हणजे ताकद नव्हे. मग चांगला कारागीर आणि नुसता गाजावाजा करणारा ह्यांतला फरक ओळखायचा कशावरून? त्यासाठी आधी हे इंजिन चालतं कसं ते थोडं बघावं लागेल.

उघडझापीचं गणित

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीत छिद्रं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि खाली-वर होणारा पिस्टनच ती झाकतो-उघडतो. स्फोटानंतर पिस्टन खाली येतो तेव्हा आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतं आणि जळका धूर बाहेर पडतो. जरा खाली गेल्यावर ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलं गेलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर घुसतं. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते आणि इनटेकमधून पुढचा घोट ओढला जातो. ओंडक्यात चालताना हे इंजिन मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेतं, म्हणजे ही सगळी उघडझाप सेकंदाला दीडशे किंवा त्याहून जास्त वेळा होते.

आपल्याकडे १९८५ ते १९९६ ह्या काळात बनलेल्या यामाहा आरएक्स हंड्रेडवर ज्यांनी हात काळे केले, त्यांना ‘पोर्टिंग’ हा शब्द नवा नाही. पिकअपसाठी सिलेंडर घासून घ्यायची हौस महाराष्ट्रातल्या कितीतरी गॅरेजांनी पुरवली. शास्त्र तेच. फरक एवढाच, की मोटारसायकलला गिअर असतात आणि चेनसॉला नसतात. तिच्या इंजिनाला एकाच वेगाच्या पट्ट्यात, भाराखाली, तासन्‌तास राबावं लागतं. म्हणून रेसच्या गाडीचा नुस्खा लाकूडतोड्याच्या करवतीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

मुळात कंपनीच ही ताकद का देत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. ह्याची कारणं साधी आहेत. लाखोंच्या संख्येने सिलेंडर ओतायचे तर प्रत्येक भागाच्या मापात थोडी सूट ठेवावी लागते. आवाजाचे नियम असतात, वॉरंटीची काळजी असते. आणि सगळ्यांत मोठं कारण प्रदूषणाचं. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणातला बराच भाग, कधी कधी चतुर्थांशापर्यंत, न जळताच एक्झॉस्टमधून निसटतो. अमेरिकेत पर्यावरण संस्थेने १९९० च्या दशकापासून लहान इंजिनांवर टप्प्याटप्प्याने बंधनं घातली. कंपन्यांनी मग सायलेन्सर आवळले, कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना मर्यादेच्या टोप्या घातल्या आणि इंजिनाची रचनाही बदलली. नव्या रचनेत ताज्या मिश्रणाआधी नुसत्या हवेचा एक थर आत सोडतात. धुराबरोबर निसटायची ती हवा निसटते, पेट्रोल वाचतं. पोर्टिंगवाला जी ताकद ‘काढून देतो’ ती बरीचशी ह्या आवळलेल्या जागांतून येते.

हाताखालचं खरं काम

चांगल्या कारागिराच्या टेबलावर पहिली वस्तू दिसते ती अंशांच्या खुणा असलेली गोल तबकडी. क्रँकच्या टोकाला ती बसवायची आणि कुठलं पोर्ट किती अंशाला उघडतं-मिटतं ते लिहून काढायचं. समजा, पिस्टन सर्वांत वर असल्यापासून मोजताना एक्झॉस्ट १०२ अंशांवर उघडतं आणि ट्रान्सफर १२२ वर. मधल्या २० अंशांत धुराचा दाब उतरला पाहिजे. नाहीतर ट्रान्सफर उघडताच जळका धूरच उलटा खाली घुसेल. ही फट कमी पडली तर इंजिन वरच्या वेगात गुदमरतं. ती वाढवण्यासाठी एक्झॉस्ट बेसुमार उंच नेलं तर खालची ओढ जाते. मग रिकामी करवत किंचाळते छान, पण जाड ओंडक्यात दाबली की बसते.

इथे मापं किती बारीक असतात ते हुस्कवार्नाच्या ३७२ एक्सपी ह्या गाजलेल्या मॉडेलवरून कळेल. त्याचं इंजिन ७०.७ सीसीचं, बोअर म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास ५० मिलीमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची खाली-वर चाल ३६ मिलीमीटर. एवढ्या स्ट्रोकला एक्झॉस्ट उघडण्याच्या आसपास एक अंश म्हणजे साधारण पाव मिलीमीटरहून किंचित जास्त. अर्धा मिलीमीटर धातू घासला की जवळपास दोन अंश सरकतात. म्हणजे घासणाऱ्याचा हात एकदा घसरला की सिलेंडर गेलाच.

आता बाजारातली सगळ्यांत लोकप्रिय पळवाट पाहू. सिलेंडरच्या बुडाशी सुमारे अर्ध्या मिलीमीटरची गॅस्केट असते. ती काढून टाकली की सिलेंडर तेवढा खाली बसतो, वरची पोकळी आक्रसते आणि कॉम्प्रेशन वाढतं. दोरी ओढताना हाताला ते लगेच जाणवतं, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण सिलेंडरबरोबर सगळी पोर्टंही अर्धा मिलीमीटर खाली आली. एक्झॉस्ट आता दोन अंश उशिरा उघडतं. जाणकार हे ओळखून पोर्ट पुन्हा कोरून मापात आणतो. पळवाटवाला गॅस्केट काढतो, सायलेन्सरला भोक पाडतो आणि पूर्ण पोर्टिंगचं बिल लावतो.

गॅस्केट काढण्याआधी आणखी एक माप घ्यावंच लागतं. पिस्टन अगदी वर आल्यावर त्याची कड आणि सिलेंडरचं छत ह्यांत किती अंतर उरतं ते बघायचं. स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरिंगची मऊ तार आत सरकवायची, दोरीने पिस्टन वरून एकदा फिरवायचा, दबलेली तार बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायची. कामाच्या करवतीला हे अंतर अर्ध्या मिलीमीटरच्या जवळपास ठेवतात. त्याहून बरंच कमी झालं तर तापून फुगलेला पिस्टन छताला आपटण्याची भीती असते. ही तार ज्याने कधी वापरली नाही त्याच्याकडे करवत देऊ नये.

तिसरी परीक्षा पोर्टच्या कडेची. ह्या सिलेंडरांच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा जेमतेम जाडीचा, पण फार टणक मुलामा असतो. पोर्ट कोरताना तो कडेला टवका जाऊन उडू शकतो. शिवाय पिस्टनची रिंग स्प्रिंगसारखी बाहेर दाबत असते. पोर्टसमोरून जाताना ती किंचित त्या छिद्रात फुगते. कड धारदार राहिली तर रिंग तिला अडकते, तुटते आणि सिलेंडरची चाळण करते. म्हणून कोरून झाल्यावर प्रत्येक कडेला हलकासा उतार द्यावा लागतो. पोर्ट किती रुंद करायचं ह्यालाही मर्यादा आहे. सर्वसाधारण अंदाज असा, की एक्झॉस्टची रुंदी बोअरच्या ६५ ते ७० टक्क्यांपलीकडे नेऊ नये.

ह्यातलं बरंचसं गिऱ्हाइकाला स्वतः बघता येतं. सायलेन्सर दोन-तीन बोल्टांवर असतो, तो काढा. स्पार्क प्लगही काढा, म्हणजे दोरी हलकी येईल. एक्झॉस्ट पोर्टमध्ये बॅटरीचा उजेड टाका. कडेवरून काडीचं टोक फिरवा, ते कुठे खटकता कामा नये. पिस्टनवर उभे ओरखडे नसावेत. मग दोरी अगदी हळू ओढून पिस्टन सर्वांत वर आणा आणि पोर्टच्या तळाशी बघा. पिस्टनच्या खालच्या काठाखाली फट दिसत असेल, तर पोर्ट प्रमाणाबाहेर खाली कोरलंय. पिस्टन वरच्या टोकाला असताना क्रँककेस थेट एक्झॉस्टला उघडी पडतेय आणि मिश्रण ओढण्याची ताकद वाया जातेय. हे काम बिघडलेलंच म्हणायचं.

व्हिडिओतले सेकंद

ह्या धंद्याची जाहिरात चालते ती छोट्या व्हिडिओंवर. ओंडका ठेवलेला, करवत त्यातून लोण्यासारखी जाते, खाली सेकंद लिहिलेले. पण ते सेकंद इंजिनाचे किती आणि साखळीचे किती?

करवतीच्या वेगातला मोठा वाटा साखळीचा असतो हे लाकूडतोड्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. १९४६ मध्ये ओरेगॉनमधल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने बुंधा पोखरणाऱ्या एका किड्याच्या अळीचे जबडे निरखले. ते डावी-उजवीकडे आलटून-पालटून चालतात हे पाहून त्याने साखळीचा नवा दात घडवला आणि पुढल्या वर्षी कंपनी काढली. आजची ‘ओरेगॉन’ साखळी ती हीच. इंजिनाला हात न लावता नुसत्या दाताने कापणी बदलते, ती अशी.

आजही तसंच आहे. गोल कानशीने घासलेल्या दातापेक्षा चौकोनी कोन दिलेला दात स्वच्छ लाकडात लक्षणीय वेगाने कापतो. दातापुढचा ठोका, जो दात किती खोल घुसेल ते ठरवतो, तो सर्वसाधारणपणे दातापेक्षा ०.६५ मिलीमीटर खाली असतो. आणखी खाली घासला की छिलका जाड निघतो. साखळी फिरवणाऱ्या सात दातांच्या चक्राऐवजी आठ दातांचं लावलं की साखळी तेवढी वेगाने धावते. साखळी ज्यावर फिरते तो बार आखूड, लाकूड मऊ आणि ओलं, खोड बारीक, असं सगळं जुळवून आणलं तर साधी करवतही पोर्टेड भासेल. हापूसच्या पेटीतला वरचा थर पाहून पेटी घेणारा आणि व्हिडिओ पाहून करवत घेणारा, दोघांची फसगत एकाच जातीची.

खरी चाचणी कशी असते? चारही बाजूंनी चौरस तासलेला ओंडका घ्यायचा, म्हणजे प्रत्येक काप सारख्याच आकाराचा पडतो. बार आणि साखळी एकच ठेवायची, ती आधी साध्या करवतीवर, मग बदललेल्या करवतीवर चढवायची. आलटून-पालटून प्रत्येकीचे किमान तीन काप घ्यायचे, कारण साखळी कापागणिक बोथट होत जाते आणि ज्या करवतीची पाळी शेवटी येते तिच्यावर अन्याय होतो. घड्याळ साखळी लाकडाला टेकल्यावर सुरू झालं की ट्रिगर दाबल्यावर, तेही सांगायचं. एवढं करून दाखवणारे थोडे आहेत, पण आहेत.

आकडे सांगण्यातही कसब असतं. समजा, आधी दहा सेकंद लागायचे, आता आठ लागतात. वेळ २० टक्क्यांनी कमी झाला आणि वेग २५ टक्क्यांनी वाढला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. विकणारा दुसरं सांगतो. हा खोटेपणा नव्हे, पण ‘ताकद पन्नास टक्के वाढली’ असं कुणी म्हणाला तर कशावर मोजली हे विचारावं. ताकद डायनॅमोमीटरवर मोजतात, कानाने नाही.

तसंच फेऱ्यांचं. रिकाम्या करवतीचे मिनिटाला पंधरा हजार फेरे दाखवणारा मीटर पुष्कळदा एवढंच सांगतो, की कार्ब्युरेटर कोरडा लावलाय, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल घटलं की तेलही घटतं, पिस्टन तापतो आणि शेवटी सिलेंडरला चिकटतो. कार्ब्युरेटर नीट लावलेली करवत पूर्ण ट्रिगरवर रिकामी चालवली की जरा अडखळत, भरडत बोलते आणि लाकडात दाबल्यावर तिचा आवाज स्वच्छ होतो. व्हिडिओत जी करवत रिकामी असताना सतत किंचाळते, तिचा मालक तिला फार दिवस वापरणार नाही असं समजावं.

कॉम्प्रेशनच्या आकड्यालाही भुलू नये. साध्या करवतीत १५०-१६० पीएसआय दिसत असेल तर पोर्टिंगनंतर १८०-२०० दिसतं. पण गेजची नळी लांब असली किंवा दोरी कमी वेळा ओढली तर तीच करवत वेगळा आकडा देते. एकाच गेजवर आधीचा आणि नंतरचा आकडा दिला असेल तरच त्याला अर्थ.

प्रामाणिकपणाच्या खुणा

ज्याच्या हाताखाली चांगलं काम होतं, तो माणूस प्रामाणिक असेलच असं नाही. आणि उलटही तितकंच खरं. दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं.

प्रामाणिक माणूस आधी करवतीची तब्येत बघतो. क्रँककेस बंद करून त्यात हलका दाब भरायचा, मग पोकळी करायची आणि सुई स्थिर राहते का पाहायचं. सील गळत असेल तर तिथून हवा शिरते, मिश्रण कोरडं होतं आणि पोर्टिंग कितीही सुरेख असलं तरी इंजिन जातं. ही चाचणी न करता कोरायला घेणारा पुढे ‘तुम्ही तेल कमी घातलं असेल’ म्हणायला मोकळा असतो.

तो सुटे भाग कुठले घातले ते बिलावर लिहितो आणि जुने भाग परत देतो. बाजारात स्टिल आणि हुस्कवार्नाच्या जुन्या मॉडेलांना बसणारे चिनी बनावटीचे सिलेंडर-पिस्टन स्वस्तात मिळतात. ते वापरणं गुन्हा नाही. कित्येक जण पैसे वाचवायला मुद्दाम तेच मागतात. मूळ कंपनीच्या भागांचे पैसे घेऊन हे बसवणं, ही मात्र फसवणूक.

तो आकडे लपवत नाही. ‘माझं पोर्टिंग गुपित आहे’ हे उत्तर एकेकाळी शोभलं असतं. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड ह्या मोटारसायकल कंपनीत वॉल्टर काडेन ह्या अभियंत्याने टू-स्ट्रोकमधून कुणी कल्पना केली नव्हती एवढी ताकद काढली. १९६१ मध्ये कंपनीचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकला. तेव्हा ते खरंच गुपित होतं. पण १९७३ मध्ये गॉर्डन जेनिंग्ज ह्यांनी टू-स्ट्रोकच्या ट्यूनिंगवर पुस्तक लिहिलं, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या प्रा. गॉर्डन ब्लेअर ह्यांनी संशोधन छापलं, आणि हे गणित सगळ्यांना खुलं झालं. आज कारागिराची पुंजी आहे ती हातातली सफाई आणि शेकडो सिलेंडरांचा अनुभव. ती आकडे सांगितल्याने चोरीला जात नाही. निदान गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या करवतीचे आधीचे आणि नंतरचे अंश तरी त्याला द्यायला हरकत नसावी.

तो मॉडेल ओळखून काम करतो. हवेचा थर सोडणाऱ्या नव्या सिलेंडरांना जुन्या सिलेंडरांचा नुस्खा लावला तर फायदा सोडा, तोटाच होतो. स्टिलची एम-ट्रॉनिक किंवा हुस्कवार्नाची ऑटोट्यून असलेली करवत पेट्रोलचं प्रमाण स्वतः ठरवते, बदल केल्यावर तिला ते नव्याने जमवून घ्यावं लागतं. साध्या कार्ब्युरेटरची असेल तर समुद्रसपाटीवर लावलेली करवत कोलोरॅडोच्या डोंगरात वेगळी चालणार, कारण तिथे हवा विरळ. हे आधी सांगणारा आणि स्क्रू कसा फिरवायचा ते शिकवणारा माणूस विश्वासाचा.

स्पर्धेची करवत आणि कामाची करवत ह्यांतला फरकही तो लपवत नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या टिंबरस्पोर्ट्स ह्या लाकूडतोडीच्या स्पर्धेत ‘हॉट सॉ’ नावाचा प्रकार आहे. खास घडवलेल्या राक्षसी इंजिनाने काही सेकंदांत तीन चकत्या कापायच्या, की संपलं. तिथे गाजलेला कारागीर आठ तास चालणारी करवत तेवढीच चांगली बनवेल असं नाही.

आणि तो नुकसान तोंडाने सांगतो. कंपनीची वॉरंटी गेली. पेट्रोल जास्त लागणार. आवाज वाढणार, म्हणजे कानाला संरक्षण हवंच. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली प्रमाणित इंजिनाच्या प्रदूषण-नियंत्रणात फेरफार करणं बेकायदा आहे. ह्या धंद्यातला हा सर्वांत अवघड मुद्दा, आणि बहुतेक जण त्यावर गप्प बसतात. सायलेन्सरमधल्या ठिणगी अडवणाऱ्या जाळीबद्दल तर तडजोड नकोच. वाळल्या जंगलात एका ठिणगीने वणवा पेटू शकतो, म्हणून अमेरिकी वनखात्याच्या जमिनीवर ही जाळी सक्तीची आहे. ती ‘ताकदीसाठी’ काढून टाकणाऱ्या माणसाला यंत्र कळत असेल, जंगल कळत नाही.

पैशाच्या बाबतीत जुनीच शहाणीव पुरे. नाव असलेल्यांकडे रांग असते, त्यामुळे उशीर हा गुन्हा नाही. तारीख न देणं, फोन न उचलणं आणि पूर्ण रक्कम आगाऊ मागणं हे तिन्ही एकत्र आले तर मात्र सावध व्हावं. कौतुक ऐकायचं तर करवत नुकतीच हाती आलेल्याचं ऐकू नये. एक-दोन हंगाम चालवलेल्या माणसाला गाठावं, कारण रिंग, कड आणि सील ह्यांचा निकाल लागायला तेवढा वेळ लागतो.

शेवटी एक गोष्ट. वर्षाकाठी चार झाडं तोडणाऱ्याला किंवा वादळानंतर अंगणातला माड हटवणाऱ्याला पोर्टिंगची गरज नाही. धारदार साखळी, स्वच्छ एअर फिल्टर आणि नीट लावलेला कार्ब्युरेटर एवढ्याने त्याची साधी करवतच वेगळी वाटू लागेल. कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारा: ‘माझ्या कामाला हे खरंच लागेल का?’ ज्याने समोरचे तीनशे डॉलर सोडून ‘नाही’ म्हटलं, त्याच्याकडे गरज पडेल तेव्हा डोळे मिटून करवत द्या.